जवसाचं तेल

आषाढात मागच्या शेडवरून घरात जे रामायण झालं होतं, ते आता मिटलं अशी सगळ्यांची समजूत होती. दसऱ्याच्या सकाळी नऊ वाजेपर्यंत तरी ती समजूत टिकली.

अंगणात पूजेची तयारी झाली होती. थोरल्या धर्मेंद्रनं आपली सेकंडहँड गाडी धुऊन पुसून चकचकीत केली होती आणि तो तिच्या नाकाडावर झेंडूचा हार बांधत होता. धाकट्या आयुषची मोटरसायकल शेजारी उभी होती. त्यांच्या आईनं, वच्छलाबाईंनी आपलं शिवणयंत्र ओसरीवर आणवलं होतं, विळी-सुरी त्याच्या पायाशी मांडली होती. राहिला होता तो शेडमधला आयुषच्या बायकोचा, कामिनीचा लेथ. तो काही उचलून आणता येत नव्हता. मोठ्या ट्रंकेएवढाच होता, पण दोन गड्यांना जड जाईल इतक्या वजनाचा. म्हणून पूजेचं ताट घेऊन, हार बांधणारा धर्मेंद्र सोडून, सगळं घरच शेडमध्ये गेलं.

लेथ कामिनीच्या माहेरचा. तिचे वडील आनंदराव जन्मभर टर्नर होते, लेथवर धातूचे भाग वळवायचे. रिटायर झाल्यावर हात शिवशिवत राहिले म्हणून त्यांनी हौसेखातर ही छोटी मशीन घेतली, आणि दोन वर्षांपूर्वी ते गेल्यावर ती या एकुलत्या मुलीकडे आली. कामिनी शाळेत गणित शिकवायची आणि रविवारी लेथवर पितळेचे भोवरे, कुकरच्या मुठी, दारांच्या कड्या वळवायची. सून लेथ चालवते याचं सासऱ्यांना, चंपतरावांना फार कौतुक. आल्या-गेल्याला ते आधी शेडमध्ये न्यायचे आणि मग चहा विचारायचे.

जूनमध्ये कामिनीच्या आईचं भंडाऱ्याला कमरेचं हाड मोडलं. चार महिने तिला तिकडेच राहावं लागलं. जाताना तिनं लेथची जबाबदारी नवऱ्याला दिली नाही, दिराला तर नाहीच नाही. सासऱ्याच्या हातात तेलाचा लांब चोचीचा डबा दिला, भिंतीवर एक कागद चिकटवला. त्यावर मशीनचं चित्र काढून तेलाच्या दहा जागांना आकडे घातले होते. म्हणाली, "बाबा, पावसाळा आहे, गंज चढते. दर शनवारी या दहा जागी दोन-दोन थेंब आणि वरून कपड्यानं पुसून घ्यायचं. मशीन तुमच्या हवाली."

एकाहत्तराव्या वर्षी माणसाच्या हवाली कोणी काही करत नाही. फार तर औषधाच्या गोळ्या करतात. चंपतराव त्या एका वाक्यावर चार महिने फुलून होते.

तर कामिनीनं मशीनवरची चादर काढली, हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं. मग सवयीनं तिचा हात बाजूच्या चाकाकडे गेला. चाक फिरलं नाही. तिनं दोन्ही हातांनी जोर लावला. तरी नाही.

"सरक, मी पाहतो," म्हणून आयुष पुढे झाला. बायको "थांबा, थांबा" म्हणत असतानाच त्यानं असा हिसका दिला की चाकाची पितळी मूठ मुळापासून मोडून त्याच्या हातात आली. आनंदरावांनी ती मूठ स्वतः वळवली होती. कामिनीनं ती आयुषच्या हातातून घेतली आणि पदरानं पुसली. मग तिनं बटण दाबलं. मोटर नुसतीच घुमली, पट्टा जळल्याचा वास आला. तिनं झटकन बंद केलं.

बोट फिरवून पाहिलं तर सरकपट्टीवर मधासारखा चिकट, पिवळट थर होता. नखानं खरवडला तर त्याची पापडी निघाली.

"बाबा," ती म्हणाली, "तेल देत होते ना तुम्ही?"

"देत होतो म्हणजे? एक शनवार नाही सोडला! मधल्या बुधवारीही देत होतो. तुझ्याच डब्यातून."

डबा तिचाच होता, हे खरं. आत काय होतं, ते मात्र चंपतरावांनी सांगितलं नाही.

ते असं झालं होतं. श्रावणात एकदा त्यांनी तिच्या डब्यातलं तेल चिमटीत धरून चोळून पाहिलं. ते त्यांना पाण्यासारखं पातळ वाटलं. आता हा माणूस कोण? रामटेकजवळच्या गावात ज्याच्या घराण्यानं तीन पिढ्या घाणा चालवला, ज्याला डोळे मिटून तीळ की करडई की जवस हे नुसत्या वासावर सांगता यायचं, त्याच्यापुढे हे असलं बेचव तेल! त्यांना मशीनची कीव आली. चुलतभावाकडून त्यांनी अर्धा किलो जवसाचं घाणीचं तेल मागवलं, कामिनीचं तेल फाटकाबाहेरच्या नालीत ओतलं आणि डबा धुऊन त्यात आपलं भरलं. त्यानंतर दहाच्या दहा जागी, आकड्यांबरहुकूम, अगदी मायेनं ते देत राहिले. लेकरासारखं पाजलं म्हणा ना!

आणि आता त्या लेकराचे सांधे आखडले होते.

कामिनीनं डबा उचलून नाकाशी नेला. "हे तेल माझं नाही. हे जवसाचं आहे."

त्या क्षणी बोलायचं होतं. 'अवं पोरी, मीच भरलं, माझी अक्कल गेली होती,' एवढंच म्हणायचं होतं. सगळे हसले असते, कामिनी थोडी रागावली असती, दुपारपर्यंत पुरणपोळीवर विषय बुडाला असता. पण घरातली सगळी माणसं समोर उभी, आणि सगळ्यांच्या लेखी तेल म्हणजे चंपतराव.

"म्हणजे कोणीतरी डब्यात टाकलं," आयुष म्हणाला.

"असंन," चंपतराव म्हणाले. "किल्ली काय, खुंटीलेच राहते."

हे वाक्य त्यांचंच. दुसऱ्या कोणी त्यांच्या तोंडात घातलेलं नव्हतं. ते बाहेर पडलं आणि आयुष, वच्छलाबाई, सगळ्यांच्या माना शेडच्या दाराकडे वळल्या. तिथं धर्मेंद्र हात पुसत उभा होता.

कारण आषाढातलं भांडण कोणी विसरलं नव्हतं. धर्मेंद्रनं गाडी घेतली तेव्हा त्याला शेड हवी होती. चंपतरावांनी निकाल दिला की लेथ हलणार नाही, गाडी उन्हातच राहील. तेव्हा धर्मेंद्र संतापून सगळ्यांसमोर बोलला होता, "एक दिवस या डब्ब्याले भंगारात घालीन, पाहून घ्या!"

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"तूच सांग ना दादा काय झालं ते," आयुष म्हणाला. "मशीनमध्ये जवसाचं तेल कोणं टाकलं?"

धर्मेंद्रनं डब्याकडे पाहिलं. मग तो वडिलांकडे पाहत राहिला, जरा जास्तच वेळ. चंपतरावांनी नजर भिंतीवरच्या कागदाकडे नेली.

"मी नाही टाकलं," धर्मेंद्र म्हणाला.

"मंग कोणं टाकलं? बाबानं? बाबा रोज हातात धरत होते तो डबा, त्याहिले वास नसता आला?" आयुष वडिलांकडे वळला. "सांगा ना बाबा. तुम्हाले वास नाही आला का?"

आली का पंचाईत! आता एक तर खरं सांगायचं, नाही तर नाक विकायचं. चंपतरावांनी नाक विकलं.

"अरे, करोनापासून माह्या नाकात काही राह्यलंच नाही," ते म्हणाले. "तुमाले सांगतलं नाही इतकंच."

वच्छलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. अर्ध्या तासापूर्वीच हा माणूस ओसरीवरून ओरडला होता की फोडणीत हिंग जास्त झाला. त्यांच्या हातातलं ताट थोडं कललं, निरांजन घसरलं. त्यांनी ते सावरलं, आणि त्या थोरल्या मुलाकडे वळल्या.

"धर्मा, तू म्हटलं होतं ना गा, भंगारात घालीन म्हणून?"

"आई, तूही?"

"म्हटलं होतं का नाही, तेवढं सांग."

"म्हटलं होतं." त्याच्या आवाजात चढ नव्हता. एरवी हा माणूस भाजीत मीठ कमी पडलं तरी अर्धा तास भांडायचा.

भांडली ती त्याची बायको, गोपिका. ती पुढे आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. "वा! सण पाहून चोर ठरवलं माह्या नवऱ्याले! दोन वर्षांपासून मौद्याले कंपनीची खोली मिळून राहिली. हे रोज जाऊन-येऊन मरतात, खोली घेत नाही. काहून? म्हाताऱ्या मायबापाले सोडून कसं जाऊ म्हणून! घ्या आता. अवो, चला. आजच चला. असं चोर बनून मले एक दिवस नाही राहायचं इथं."

"वहिनी, चोर कोणीच म्हटलं नाही," कामिनी म्हणाली. तिच्या मुठीत अजून ती पितळी मूठ होती. "माझी मशीन आहे, मी काही म्हटलं का?"

"तू नाही म्हटलं वं. पण हे चोर नाही, असंही या घरात कोणी म्हटलं नाही."

धर्मेंद्र दाराची चौकट सोडून बाजूला झाला. "चाल, सामान काढ," तो गोपिकाला म्हणाला. आणि जाता जाता पुन्हा एकदा त्यानं वडिलांकडे पाहिलं.

चंपतराव घरात येऊन पलंगावर बसले. वच्छलाबाईंनी मागून येऊन दार लोटलं.

"नाकात काही राह्यलं नाही म्हणे तुमच्या?"

चंपतराव पलंगावरची चादर सारखी करू लागले.

"मले वाटलंच होतं. स्वयंपाकघरात जवसाच्या तेलाचा रिकामा डबा कोठून आला, म्हणून मी विचार करूनच राहिली होती."

"मी सांगतो सगळ्याहिले," चंपतराव उठत म्हणाले. पण उठले ते अर्धेच. वच्छलाबाईंनी खांद्यावर हात ठेवला तसे पुन्हा बसले. खरं म्हणजे त्या हातात काही जोर नव्हता.

"बसा. कोणत्या तोंडानं सांगाल? सुनेनं नवऱ्याले दिली नाही, तुमाले दिली मशीन. बापाची आठवण म्हणून दिली. आता म्हणाल मी तेल फेकलं, मी खोटं बोललो, वरून पोराचं नाव पुढं केलं? धर्मा आपला आहे. पोटचा आहे, तो सहन करंन. आठ दिवस तो मौद्याले राहीन, मंग मी जाऊन आणीन त्याले. पण सुनेच्या मनातून उतरलेला माणूस पुन्हा चढत नाही."

बाई काही दुष्ट नव्हती. पंचेचाळीस वर्षं याच हिशेबानं तिनं घर सांभाळलं होतं. ज्याच्याच्यानं सहन होतं, त्याच्या ताटात जास्त वाढायचं. चंपतरावांना ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा बरं वाटलं. छातीवरचा दगड क्षणभर उतरला. आणि तो उतरला याचीच त्यांना इतकी किळस आली की ते चपला न घालताच मागच्या दारानं शेडकडे गेले.

कामिनी मशीन उघडून बसली होती. सणाची साडी बदलून तिनं जुना ड्रेस घातला होता. एका वाटीत रॉकेल, हातात दात घासायचा जुना ब्रश. सासऱ्याची चाहूल लागली तरी तिनं वर पाहिलं नाही.

"निघंन का वं हे?" चंपतरावांनी विचारलं.

"निघंल. आठ-पंधरा दिवस जातील. एकेक तुकडा खोलून रॉकेलमध्ये भिजवावा लागंल. जोर करून चालत नाही." ती ब्रशनं एक बारीकसं छिद्र घासत होती. "जवसाचं तेल वाळते ना बाबा. मशीनचं तेल वाळत नाही, म्हणून ते द्यायचं. पातळ असते, कारण आतपर्यंत गेलं पाहिजे. हे तेल आत जाऊन वाळलं. जितकं जास्त दिलं तितकं जास्त चिकटलं."

वाळते! अरे देवा. हे त्यांना कोणी सांगायला हवं होतं का? चाळीस वर्षं त्यांच्या दारात सुतार येत, रंगारी येत, आणि जवसाचंच तेल मागत. दारं-खिडक्यांना चोपडायला नेत. काहून? तर वाळते म्हणून, चकाकी धरते म्हणून. चंपतराव स्वतः गिऱ्हाईकाला सांगत, 'चार दिवस हात लावू नका, पक्कं वाळू द्या.' स्वतःच्याच मालाचा गुण ते विसरले होते. विसरले होते की त्या डब्यावरच्या मिजाशीपुढे आठवलाच नव्हता, कोण जाणे.

"ज्यानं केलं त्यानं मुद्दाम नाही केलं, बाबा," कामिनी हळूच म्हणाली.

"तुले कसं मालूम?"

"दहाच्या दहा छिद्रांत भरलं आहे. ही पितळ पकडायच्या चकाच्या मागची सात नंबरची जागा पाहा. माझ्याही हातून सुटते ती. इथंही दिलं आहे. वरून सगळी मशीन पुसली आहे, कपड्याचे धागे आहेत. बिघडवायचं असतं तर कोणी एवढी मेहनत केली असती का?" तिनं ब्रश रॉकेलमध्ये बुडवला. "फार जीव लावून केलं आहे कोणीतरी."

अजूनही तिनं वर पाहिलं नव्हतं. तिनं वर पाहावं, शिव्या द्याव्या, ती मोडकी मूठ फेकून मारावी, असं चंपतरावांना वाटलं. ते सोपं झालं असतं. पण ती पोर खाली मान घालून त्यांच्यासाठी जागा करून देत होती, आणि तिकडे अंगणात गाडीची डिक्की उघडल्याचा आवाज आला होता.

"भाऊजी निघाले वाटते," कामिनी म्हणाली.

चंपतराव बाहेर आले. डिक्कीत दोन बॅगा आणि गादीची वळकटी गेली होती. गोपिका पुढच्या सीटवर तोंड फिरवून बसली होती. ओसरीच्या पायरीवर आयुष मोबाइल हातात धरून उगाच बसला होता, त्याच्या मागे वच्छलाबाई उभ्या. झेंडूचा हार तसाच गाडीवर होता, तो काढायचं कोणाला सुचलं नव्हतं. धर्मेंद्रनं डिक्की लावली.

"धर्मा, थांब."

धर्मेंद्र थांबला.

"अवो," वच्छलाबाई मागून म्हणाल्या. त्या एका शब्दात सगळी विनवणी होती.

चंपतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हिंमत गेली असती.

"आयुष, इकडे ये. कामिनी, तूही ये वं बाहेर. गोपिका, ऐक." खाकरून त्यांनी सुरुवात केली. "तेल मी भरलं. जवसाचं. श्रावणात. कामिनीचं तेल मीच नालीत ओतलं. मले वाटलं, मले जास्त समजते. आणि सकाळी खोटं बोललो. किल्ली खुंटीले राहते, हे मीच म्हटलं. नाकाचंही खोटं. सगळा वास येते मले. धर्माचा यात काडीचा संबंध नाही. आपल्या पोराचं नाव मी पुढं होऊ दिलं आणि भिंतीकडे पाहत उभा राह्यलो."

आयुष पायरीवरून उठला, भावाकडे दोन पावलं आला आणि मधेच अडकला. शेडच्या दारात कामिनी काळे हात तसेच हवेत धरून उभी होती. गोपिका गाडीतून उतरली, आणि आता जायचं की राहायचं ते कळेना म्हणून नवऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागली.

धर्मेंद्र म्हणाला, "मले मालूम होतं, बाबा."

"काय मालूम होतं?"

"तुमी काय भरून राहिले ते. श्रावणातच पाह्यलं होतं. मी गाडी पुसत होतो, तुमी नालीत तेल ओतून राहिले होते. मले वाटलं, कामिनीनंच सांगतलं असंन तसं. मले काय समजते त्या मशीनीतलं!"

म्हणजे सकाळी शेडमध्ये, सगळे त्याच्यावर तुटून पडले असताना, एका वाक्यात सुटता आलं असतं त्याला. बाप समोर खोटं बोलत होता, नाक नाही म्हणत होता, आणि हा भांडकुदळ पोरगा ते ऐकून घेत होता.

"मंग बोलला काहून नाही गा?"

"तुमी बोलाल म्हणून वाट पाहून राहिलो होतो," धर्मेंद्र म्हणाला. "शेडमध्ये वाट पाह्यली. मंग सामान भरता भरता पाह्यली. दोन बॅगा भरायले कोणी दीड तास लावते का, बाबा?"

वच्छलाबाई पदर तोंडाशी धरून पायरीवर बसल्या.

"आता तरी उतरव सामान," चंपतराव म्हणाले. त्यांनी हात जोडले. पोटच्या पोरापुढे, भर अंगणात. "माह्या चुकीपायी तू काहून जातं? राग असंन तर मार मले दोन."

धर्मेंद्रनं पुढे होऊन ते जोडलेले हात खाली केले.

"राग नाही, बाबा. राग असता तर सकाळीच बोललो असतो." त्याची मान खाली होती. "पण तुमच्याकडे पाहायले मलेच लाज वाटून राहिली. चार दिवस जाऊ द्या मले."

तो गाडीत बसला. गोपिकानं सासू-सासऱ्यांना वाकून नमस्कार केला आणि तीही बसली. गाडी चालू झाली, पण फाटक बंद होतं. आयुष उघडायला निघाला तसं चंपतरावांनी त्याला हातानं थांबवलं. ते स्वतः गेले, कडी काढली आणि फाटकाची दोन्ही पाखं गाडी जाईल इतकी उघडून धरली.